फ्रीलान्स की इन-हाउस: डिझायनर नेमकं काय निवडतो?

फ्रीलान्स म्हणजे मोकळीक आणि इन-हाउस, म्हणजे कंपनीतली नोकरी, म्हणजे सुरक्षितता, ही वाटणी इतकी रूढ झाली आहे की नवे डिझायनर तिच्याच भरवशावर निर्णय घेऊन टाकतात. मी दोन्हीकडे काही वर्षं काम केलं आहे आणि मला ही वाटणी दिशाभूल करणारी वाटते. ज्याचा सगळा महिना एकाच क्लायंटवर चालतो, त्या फ्रीलान्सरला मोकळीक कसली? आणि कपातीच्या यादीत नाव आलं की नोकरीची सुरक्षितता एका मेलमध्ये संपते. खरी मेख दुसरीकडेच आहे. काम हातावेगळं केल्यावर त्याचं पुढे काय झालं, हे तुम्हाला बघायला मिळतं का?

एक साधा फॉर्म घ्या. फोन नंबर चुकला की खाली लाल अक्षरांत सूचना येते. फ्रीलान्स करताना मी असे फॉर्म कितीतरी केले. रिकामा, भरलेला, चुकलेला अशा सगळ्या अवस्था काढायच्या, फाइल पाठवायची, इनव्हॉइस लावायचं, विषय संपला. नोकरीत तसाच एक फॉर्म केला, तेव्हा तिसऱ्या आठवड्यात सपोर्ट टीममधली सहकारी माझ्या टेबलापाशी येऊन बसली. लोक नंबर टाकताना मध्ये जागा सोडत होते, फॉर्म तो नंबर नाकारत होता आणि सूचनेत नुसतं ‘अवैध क्रमांक’. ते दोन शब्द मीच लिहिले होते. रंग, अंतर, बटण सगळं नीट होतं, तरी माणसं तिथेच अडकून परत जात होती. त्याच दुपारी मधली जागा आपोआप निघून जाईल अशी सोय केली आणि सूचनाही बदलली. आधीच्या क्लायंटांच्या फॉर्ममध्येही मी हेच शब्द लिहिले असणार. तिथून मला कुणी काही कळवलं नव्हतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की सुरुवातीची दोन-तीन वर्षं तरी नोकरीत काढावीत, तेही हाताखाली घेऊन शिकवणारा सिनिअर असेल अशा ठिकाणी. आपली चूक आपल्यापर्यंत परत येणं, हे शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

फ्रीलान्समध्ये जे मिळतं ते वेगळं, आणि तेही कमी मोलाचं नाही. तिथे तुम्ही पुन्हा पुन्हा शून्यापासून सुरुवात करता. क्लायंट येतो तो ‘लोगो बदलायचाय’ म्हणत, आणि तासभर बोलल्यावर कळतं की लोगो बरा आहे, गोंधळ वेबसाइटच्या मेन्यूत आहे. हे ऐकून घेणं, समोरच्याला न दुखावता सांगणं आणि त्यातून लेखी ब्रीफ, म्हणजे नेमकं काय आणि कशासाठी करायचं याची नोंद, तयार करणं ही मोठी कला आहे. इन-हाउसमध्ये ब्रीफ बहुधा प्रॉडक्ट मॅनेजरकडून तयार होऊन येतं, आणि डिझाइन सिस्टिम, म्हणजे रंग, अक्षरं, बटणं अशा ठरलेल्या घटकांचा संच, एकदा बसली की बरेच निर्णय आधीच झालेले असतात. त्याच घटकांची मांडणी करत वर्षं गेली की नजर बोथट होते. बाहेरून आलेला माणूस पहिल्याच दिवशी विचारतो, ‘हे बटण इथे का आहे?’ आतल्यांना हा प्रश्न सुचेनासा झालेला असतो.

पैशांचा हिशोब मात्र कागदावर करा. पगार वर्षाच्या 52 आठवड्यांचा मिळतो. आठवड्याला 40 तास धरले तर 2080 तासांचा. फ्रीलान्सरच्या वर्षातून सुट्ट्या आणि आजारपणाचे सहा आठवडे वजा केले की 46 उरतात. त्यातही कोटेशन देणं, मीटिंगा, थकलेल्या पैशांसाठी फोन, पोर्टफोलिओ यांत वेळ जातो. आठवड्याला 24 तासांचं बिल लागलं असं धरलं, तर वर्षाचे 1104 तास होतात. म्हणजे पगाराइतकंच कमवायचं, तर ताशी दर जवळजवळ दुप्पट लागतो. सॉफ्टवेअर, कॉम्प्युटर आणि विमा त्याच्यावर. पगाराला 2080 ने भागून तोच दर सांगणारे पुष्कळ भेटतात आणि वर्षभरात थकून जातात. दराइतकंच महत्त्व ॲडव्हान्सला आणि किती रिव्हिजन (बदलांच्या फेऱ्या) दरात धरल्या आहेत हे आधी लिहून घेण्याला आहे. ‘जरासं बदलून द्या’ला अंत नसतो.

या दोहोंच्या मध्ये एक फसवा प्रकार आहे. करार फ्रीलान्सचा, पण रोज ठरलेल्या वेळी हजेरी, एकच क्लायंट, दुसरं काम घ्यायला मनाई आणि रजेचे पैसे नाहीत. यात दोन्हीकडचे तोटे तेवढे पदरात पडतात. त्याला फ्रीलान्स समजून स्वीकारू नका.

एकदा निवडलं की जन्मभर तेच, असंही नाही. ग्राफिक डिझायनर सुझन केअर यांनी 1984 च्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरचे आयकॉन ॲपलमध्ये नोकरीत असताना केले. पुढे स्वतंत्र काम करताना विंडोज 3.0 मधल्या सॉलिटेअरचे पत्ते काढले, आणि अनेक वर्षांनी पिंटरेस्टमध्ये पुन्हा नोकरी धरली. जर्मन प्रॉडक्ट डिझायनर डिटर राम्स 1955 मध्ये ब्राउन या घरगुती उपकरणांच्या कंपनीत रुजू झाले आणि पुढची चाळीस वर्षं तिथेच होते. एकाच कंपनीत इतकं टिकून राहिल्याशिवाय वस्तूंच्या अख्ख्या घराण्यावर एका माणसाची नजर फिरत नाही.

पण राम्स यांचं 606 हे शेल्फ ब्राउनचं नाही. ते 1960 मध्ये व्हिट्सो या फर्निचर कंपनीसाठी केलेलं, ब्राउनमधली नोकरी चालू असताना आणि कंपनीची परवानगी घेऊन. नोकरीत केलेल्या कामाचे हक्क अनेक देशांत आपोआप मालकाकडे जातात, आणि काही करारांमध्ये फावल्या वेळातलं कामही त्यात ओढलेलं असतं. त्यामुळे नोकरीसोबत एखादं बाहेरचं काम करून बघायचं असेल, तर नेमणुकीच्या करारात ‘इतर काम’ आणि ‘बौद्धिक संपदा’ ही दोन कलमं आधी शोधा, आणि परवानगी तोंडी नको, मेलवर घ्या.