तुमच्या साइटची आमच्याकडची प्रत: कंटेनरमध्ये काम कसं चालतं

काम सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात ग्राहक विचारतात, "साइट सर्व्हरवर आहेच, मग दुसरी प्रत कशाला?" चालू साइटवर प्लगइन अपडेट करायचा, पान पांढरं पडलं की धावाधाव करायची, हा प्रकार आम्ही केव्हाच बंद केला. आधी आमच्या संगणकावर, मग तुमच्या सर्व्हरवर.

ही प्रत आम्ही कंटेनरमध्ये, म्हणजे संगणकावरच्या स्वतंत्र, बंदिस्त कप्प्यांत चालवतो. वर्डप्रेससाठी किमान दोन कंटेनर लागतात. एकात अपाचे (वेब सर्व्हर) आणि पीएचपी (वर्डप्रेस जिच्यात लिहिलंय ती भाषा), दुसऱ्यात मारियाडीबी (डेटाबेस). दोन्हींचं वर्णन डॉकर कंपोझच्या (अनेक कंटेनर एकत्र चालवणारं साधन) एकाच फाइलमध्ये असतं. 'डॉकर कंपोझ अप' म्हटलं की साइट लोकलहोस्टच्या, म्हणजे स्वतःच्याच संगणकाच्या, ८०८० पोर्टवर उघडते. तुमच्या सर्व्हरवर पीएचपी ८.२ असेल तर फाइलमध्येही ८.२च लिहितो. 'लेटेस्ट' लिहीत नाही, कारण आजचं लेटेस्ट सहा महिन्यांनी वेगळंच असतं.

तुमच्याकडचं कुणी हे स्वतः उभं करणार असेल तर ते बहुधा डेटाबेसच्या पत्त्यापाशी अडकेल. सवयीने तिथे 'लोकलहोस्ट' लिहिलं जातं, पण कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः, आणि डेटाबेस तर शेजारच्या कंटेनरमध्ये. म्हणून तिथे कंपोझ फाइलमधलं डेटाबेस सर्व्हिसचं नाव द्यायचं. फाइलमध्ये पासवर्ड बदलूनही फरक पडत नसेल तर गोंधळू नका: मारियाडीबीची इमेज (कंटेनर ज्यापासून बनतो तो साचा) तो पासवर्ड फक्त पहिल्यांदा, डेटाचा फोल्डर रिकामा असतानाच वाचते. आणि कंटेनर बंद करणाऱ्या 'डॉकर कंपोझ डाउन'पुढे 'व्ही' (-v) लावताना दोनदा विचार करा. नुसत्या 'डाउन'ने कंटेनर जातात, व्हॉल्यूम (डेटा साठवलेली जागा) राहतो. 'व्ही' लावला की डेटाबेसही गेला.

खरी कटकट साइटच्या पत्त्याची, कारण प्रतीत तो बदलावा लागतो. डेटाबेसमध्ये तो शेकडो ठिकाणी असतो, म्हणून डेटाबेसची एक्सपोर्ट केलेली एसक्यूएल फाइल एडिटरमध्ये उघडून 'फाइंड-रिप्लेस' मारायचा मोह होतो. तो टाळा. विजेट आणि थीमच्या बऱ्याच सेटिंग्ज सीरियलाइज करून ठेवलेल्या असतात, म्हणजे मजकुराशेजारी त्याची लांबीही नोंदलेली असते. जुना पत्ता १९ अक्षरांचा, नवा २१चा. नोंद मात्र १९चीच राहते, पीएचपीला ती वाचता येत नाही आणि विजेट गायब. डब्ल्यूपी-सीएलआयची (वर्डप्रेस कमांड लिहून चालवायचं साधन) 'सर्च-रिप्लेस' कमांड लांबीची नोंदही दुरुस्त करते. आम्ही तीच वापरतो.

ईमेलचा धडा आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. एकदा आमच्या चाचणी प्रतीतून खऱ्या सभासदांना पासवर्ड बदलण्याची पत्रं गेली. तेव्हापासून प्रत्येक प्रतीत मेलपिटचा (चाचणीतली ईमेल अडवून दाखवणारं साधन) कंटेनर असतो. सगळी पत्रं तिथेच अडकतात, बाहेर एकही जात नाही.

सुरुवातीला आम्हाला डेटाबेसचा एक्सपोर्ट आणि थीम, प्लगइन, फोटो असलेला डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डर लागेल. पीएचपीची आवृत्ती डॅशबोर्डवर 'टूल्स'मधल्या 'साइट हेल्थ'च्या माहितीत सापडते. पासवर्ड ईमेलमध्ये लिहून पाठवू नका.

आणखी एक, कारण यावरून गैरसमज होतात. कोड आमच्याकडून तुमच्या साइटवर जातो, मजकूर तुमच्या साइटवरून आमच्याकडे येतो. उलटं कधीच होत नाही. चाचणी प्रत तुम्हाला बघायला दिली आणि तुम्ही त्यावर छानसा लेख लिहिलात, तर पुढच्या वेळी ताजा डेटाबेस आणला की तो पुसला जाईल. लेख, फोटो, सूचना, जे काही टाकायचं ते चालू साइटवरच टाका.