सोयाबीनची गुलाबी गाठ

पेरणीला महिना झाला, पानं जरा फिकट दिसली, की सोयाबीनवर युरिया फेकायचा, ही सवय मराठवाडा-विदर्भात गावोगाव दिसते. देशात वर्षाला 350 लाख टनांहून जास्त युरिया खपतो. त्यातला काही अशा पिकावर पडतो, जे हवेतून स्वतःचं नत्र मिळवतं.

चाळीस दिवसांचं एक झाड खुरप्याने मातीसकट काढा. ओढलंत तर मुळांवरच्या गाठी जमिनीतच राहतील. मुळं धुवा आणि ज्वारीच्या दाण्याएवढी एखादी गाठ नखाने फोडा. आत गुलाबी निघाली तर हवेतलं नत्र धरण्याचं काम जोरात चालू आहे; हिरवट असेल तर संपलंय. काहींना या गाठी रोग वाटतात. टोमॅटोवर सूत्रकृमीमुळे येतात त्या वेगळ्या, तिथे मूळच फुगतं.

हवेत 78 टक्के नत्र आहे, पण त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले. खत कारखान्यात तो बंध तोडायला 400 अंशांच्या वर तापमान आणि प्रचंड दाब लागतो. गाठीतले ब्रॅडीरायझोबियम जिवाणू तेच काम शेताच्या मातीत करतात, नायट्रोजिनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) बळावर. पंचाईत अशी, की ऑक्सिजन लागला की हे विकर कायमचं निकामी होतं. आणि नत्राच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचे, किमान 16 रेणू खर्च होतात; ते बनवायला जिवाणूंना श्वसन करावं लागतं, म्हणजे ऑक्सिजन हवाच! हा तिढा सुटतो लेगहिमोग्लोबिन या गाठीतल्या प्रथिनामुळे. ते ऑक्सिजनला धरून ठेवतं, मोकळा फिरू देत नाही आणि जिवाणूंपर्यंत बेताबेताने पोचवतं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचंच हे भावंड, त्यातही लोह असतं. गाठीचा गुलाबी रंग त्याचाच. मला तर दर वेळी गाठ फोडताना अंगावर काटा येतो.

या सगळ्याला साखर पुरवतं झाड. म्हणून युरियाचं जमिनीत नायट्रेट (मुळांना शोषता येणारं नत्राचं रूप) झालं, आयतं नत्र मिळालं, की झाड गाठींवरचा खर्च आवरतं. नव्या गाठी कमी धरतात, जुन्या मंदावतात. पानं हिरवीगार होतात खरी, पण शेंगा भरताना नत्राची खरी गरज लागते, तेव्हा बरंचसं नायट्रेट पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपून गेलेलं असतं. तेच पुढे विहिरीत उतरतं.

गाठी धरणारे जिवाणू पेरणीआधी बियाण्याला लावायला पाकिटात मिळतात; पण 'सर्व पिकांसाठी एकच रायझोबियम' असं छापलेल्या पाकिटावर विश्वास ठेवू नका. हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनच्या मुळांवर गाठ धरत नाही. बियाण्याला बुरशीनाशक आधी लावा, जिवाणू संवर्धन, म्हणजे पाकिटातले जिवाणू, सगळ्यात शेवटी. बी सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. उन्हात ठेवलंत तर जिवाणू मरतात.