रंग नंतर, आधी पत्रा बघा: गाडीला प्रायमर कोणता?

‘गाडीसाठी प्रायमर द्या’ म्हटलं की बहुतेक दुकानांत राखाडी एनसी (नायट्रोसेल्युलोज) प्रायमरचा डबा पुढे येतो. तुमच्या गाडीला तो चालेल का, हे दुकानदाराला तरी कसं कळणार? प्रायमर म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, आणि तो निवडायचा त्याच्याखाली काय आहे ते बघून.

दरवाजाचा पोचा काढून घासलेला भाग जवळून पाहा. मधोमध पुट्टीचा फिकट डाग, भोवती चकाकणारा उघडा पत्रा, त्याबाहेर जुन्या रंगाची कडा. वीतभर जागेत तीन वेगवेगळे पृष्ठभाग, आणि तिघांचे नखरे वेगळे.

सगळ्यात नाठाळ उघडा पत्रा. त्यासाठी दोन पर्याय आहेत. पहिला एच (इंग्रजी ‘etch’, म्हणजे धातू किंचित खाणारा) प्रायमर. त्यात फॉस्फोरिक आम्ल असतं. ते धातूवर फॉस्फेटचा थर तयार करतं आणि त्यामुळे पकड घट्ट बसते. हा थर जेमतेम ८ ते १५ मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही बराच पातळ. त्याने ओरखडे भरत नाहीत. शिवाय त्यावर पॉलिएस्टर पुट्टी किंवा इपॉक्सी चढवू नये. उरलेलं आम्ल वरच्या थराच्या हार्डनरच्या, म्हणजे थर कडक करणाऱ्या रसायनाच्या, कामात खोडा घालतं. आज सगळं ठीक दिसतं, काही महिन्यांनी पुट्टी पापुद्र्यासारखी सुटते.

दुसरा पर्याय इपॉक्सी प्रायमर. राळ आणि हार्डनर यांची रासायनिक जाळी बनते आणि तिच्यातून पाणी सहजी आत शिरत नाही. पत्रा ८० ते १८० नंबरच्या पेपरने कोरडा घासलेला हवा. गुळगुळीत पत्र्यावर तो नीट धरत नाही. नंतर पुट्टीही यावर भरता येते. घरी काम करणाऱ्याने एकच डबा घ्यायचा तर हाच घ्यावा. मिश्रणाचं प्रमाण डब्यावर असतं, कुठे १:१, कुठे ४:१. ते मापाच्या भांड्यानेच घ्या. ‘लवकर सुकेल’ म्हणून हार्डनर जास्त ओतला तर तो जोडीदाराविना उरतो आणि थर कमकुवत होतो.

मग एनसी? तो पंधरा-वीस मिनिटांत सुकतो, स्वस्तही असतो. पण त्यात फक्त थिनर उडून जातो, जाळी बनत नाही. वरच्या रंगातल्या थिनरने तो पुन्हा मऊ होऊ शकतो, आणि सूक्ष्म छिद्रांतून पाणी पत्र्यापर्यंत पोचतं. ‘आता प्रायमर मारून ठेवू, रंग दिवाळीनंतर’ असं ठरवून पावसाळाभर गाडी बाहेर ठेवली, की प्रायमरखाली गंज धरलाच म्हणून समजा.

जुन्या रंगाची परीक्षा सोपी आहे. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा मिनिट एका कोपऱ्यावर दाबून धरा. रंग मऊ पडला, फडक्याला लागला, तर त्यावर तेज थिनरचा प्रायमर मारल्यास सुरकुत्या येणार. असा रंग काढून टाकलेला बरा.

बंपरचं गणित निराळं. आतल्या बाजूला ‘पीपी’ अशी खूण सापडली तर ते पॉलिप्रॉपिलीन. त्याला फारसं काही चिकटत नाही, म्हणून आधी प्लास्टिकसाठीचा अ‍ॅडहेजन प्रमोटर, म्हणजे पकड वाढवणारा थर, लागतो.

आता हवा. मुंबईत जुलैमध्ये तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान, सुमारे २५ अंशांवर असतो. पत्रा दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी गरम हवा. त्यात थिनर उडताना पत्रा आणखी गार होतो आणि त्यावर डोळ्यांना न दिसणारं पाणी जमतं. पुढे तिथेच फोड येतात. पावसाची उघडीप मिळाली तर दुपार गाठा. सकाळचा थंड पत्रा टाळा.

पुट्टीच्या कडा आणि घासल्याच्या रेषा लपवायला शेवटी टूके सर्फेसर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा जाड भरणीचा प्रायमर, लागतो. दोन-तीन हातांत १०० मायक्रॉनहून जाड थर बसतो. मात्र त्याच्या हार्डनरमध्ये सहसा आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा फुफ्फुसात गेल्यास कायमचा दमा जडू शकतो, आणि वास येत नसल्याने मास्कची काडतुसं संपल्याचं कळत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर एवढं काम गॅरेजमध्ये द्यावं.

सर्फेसर पुरता सुकला की त्यावर काळ्या रंगाचा हलका, धुळीसारखा फवारा द्या आणि ठोकळ्याला ४०० नंबरचा पेपर लावून घासा. जिथे काळे ठिपके उरतील तिथे खड्डा आहे. जिथे पत्रा डोकावेल तिथे उंचवटा, आणि तेवढ्या जागेला पुन्हा इपॉक्सी. काळं सगळं गेलं की ६०० ते ८०० नंबरचा वॉटर पेपर फिरवा, पुसून पूर्ण वाळू द्या, मग रंगाचा डबा उघडा.