टॉपशॉप : वैभवाच्या काळातला लाभांश आणि त्यानंतरची पंधरा वर्षं

ऑगस्ट २०२५मध्ये टॉपशॉप या ब्रिटिश कपड्यांच्या ब्रँडने लंडनच्या ट्रफाल्गर चौकात फॅशन शो केला आणि स्वतःचं संकेतस्थळ पुन्हा सुरू केलं. ‘टॉपशॉप परतलं’ अशा बातम्या झळकल्या. परतलं ते नाव. ज्या समूहाचं ते होतं तो २०२०मध्येच बुडाला, आणि लंडनमधल्या ऑक्सफर्ड सर्कसच्या कोपऱ्यावरच्या त्याच्या अवाढव्य दुकानाच्या जागी आता स्वीडिश फर्निचर विकलं जातं.

सुरुवातीची कहाणी थोडक्यात आटोपते. १९६४मध्ये शेफील्डच्या एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये तरुणींच्या कपड्यांचा विभाग निघाला, सत्तरच्या दशकात तो वेगळा होऊन स्वतंत्र दुकानं आली, १९७८मध्ये मुलग्यांसाठी टॉपमॅन सुरू झालं. पुढची बरीच वर्षं स्वस्त कपड्यांचं एक दुकान, एवढीच त्याची ओळख होती.

खरा बदल नव्वदच्या दशकाच्या अखेरीस घडला. नव्या ब्रँड संचालिकेने आणि तिच्या खरेदीदारांनी रॅम्पवरची फॅशन काही आठवड्यांत दुकानात आणायला सुरुवात केली. होतकरू डिझायनरांना कामं दिली, लंडन फॅशन वीकमधल्या नवोदितांच्या योजनेला पैसा पुरवला. श्रीमंत घरातल्या मुलीही टॉपशॉपचा ड्रेस मिरवून सांगू लागल्या. हे सगळं जमून आलेलं असताना, २००२मध्ये एका उद्योजकाने अख्खा समूह सुमारे ८५ कोटी पौंडांना विकत घेतला. पुढे ‘हाय स्ट्रीटचा’ (म्हणजे ब्रिटिश शहरांतल्या मुख्य बाजारपेठेचा) ‘राजा’ म्हणून त्याचा गवगवा झाला. दुकानाची चव मात्र तो येण्याआधीच ठरलेली होती, हे त्या कौतुकात बहुतेकदा वगळलं जातं.

आता २००५. त्या वर्षी समूहाने सुमारे १३० कोटी पौंडांचा लाभांश जाहीर केला. त्यातले १२० कोटी मालक कुटुंबाकडे गेले. समूहाचा त्या वर्षाचा करपूर्व नफा होता २५.३ कोटी. नफ्याच्या चौपटीहून जास्त रक्कम वाटायची तर ती आणायची कुठून? कर्ज काढून. कर्ज समूहाच्या नावावर चढलं, त्याचं व्याज समूहाच्या नफ्यातून वजा झालं, त्यामुळे कंपनी करही कमी बसला. शेअर मालकाच्या पत्नीच्या नावावर होते आणि तिचं वास्तव्य मोनॅकोत, जिथे व्यक्तीच्या उत्पन्नावर कर नाही. ब्रिटनबाहेर राहणाऱ्या भागधारकाला लाभांश देताना ब्रिटनमध्ये मुळातून करकपात होत नाही. पतीच्या नावावर, लंडनच्या पत्त्यावर हीच रक्कम आली असती तर कित्येक कोटी सरकारजमा झाले असते.

इथे शब्दांचा घोळ आहे. मराठी बातम्यांत असलं काहीही ‘करचुकवेगिरी’ या एकाच पोत्यात भरतात. ब्रिटनमधला सगळा वाद मात्र दोन शब्दांमधल्या भिंतीवर उभा आहे : कायद्यातल्या वाटा वापरून कर टाळणं आणि उत्पन्न दडवून कर चुकवणं. दुसरा गुन्हा आहे, पहिला नाही. २००५चा व्यवहार निःसंशय पहिल्या प्रकारातला होता. कुठलाही कायदा मोडला गेला नाही. मालकाची बाजू अशी की समूह ब्रिटनमध्ये भरपूर कर भरतो आणि शेअर कुणाच्या नावावर असावेत हा घरचा प्रश्न आहे. टीकाकारांना ही भिंतच मान्य नव्हती. माझ्या मते दोघेही करावरच भांडत बसले आणि कर्जाकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. धंदा सर्वांत जोरात असताना त्यातून एवढा पैसा बाहेर गेला, ही बाब कराइतकीच गंभीर होती.

त्यावर २०१०मध्ये कडी झाली. काटकसरीचं धोरण आणणाऱ्या नव्या सरकारने आपल्याच खर्चातली उधळपट्टी शोधायचं काम याच उद्योजकाकडे सोपवलं! त्याच वर्षी डिसेंबरमध्ये या कर टाळण्याविरुद्ध आंदोलकांनी ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या दुकानात ठिय्या दिला.

बाकीचे वाद त्यामानाने किरकोळ, पण गाजले जास्त. एका सुपरमॉडेलच्या नावाने २००७मध्ये कपडे आले, रांगा लागल्या. त्याआधी काही महिने ती ब्रँड संचालिका कंपनी सोडून गेली होती. एका पॉप गायिकेचा फोटो तिच्या परवानगीविना टी-शर्टवर छापल्याचा खटला कंपनी २०१३मध्ये हरली आणि २०१५मध्ये अपिलातही हरली. कपडे मांडायच्या काडीसारख्या पुतळ्यांवरून ग्राहक चिडल्यावर तसे पुतळे यापुढे मागवणार नाही असं सांगावं लागलं. २०१८मध्ये स्त्रीवादी लेखसंग्रहाची मांडणी दुकानात लागली आणि थोड्याच वेळात उतरवली गेली. मग माफी, मग देणगी.

मूळ दुखणं मात्र हिशेबवहीत होतं. मालक कुटुंबाने मार्च २०१५मध्ये आपली आणखी एक जुनी साखळी अवघ्या एका पौंडाला विकली. तेरा महिन्यांत ती बुडाली, सुमारे ११,००० जणांची नोकरी गेली आणि पेन्शन निधीत ५७.१ कोटींचं भगदाड उघडं पडलं. संसदीय चौकशी आणि पेन्शन नियामकाचा तगादा यांनंतर २०१७मध्ये मालकाने ३६.३ कोटी भरायचं मान्य केलं. टॉपशॉपचंही मोल उतरत होतं. २०१२मध्ये ब्रँडची किंमत २०० कोटी पौंड धरून एका अमेरिकी गुंतवणूकदाराने पाव हिस्सा घेतला होता. २०१९मध्ये तो एका डॉलरला परत केला.

ऑनलाइन विक्रेत्यांनी मारलं, हे नेहमीचं स्पष्टीकरण खोटं नाही. नव्या कंपन्या अॅप आणि गोदामं उभी करत होत्या तेव्हा टॉपशॉपची भिस्त चकचकीत दुकानांवरच राहिली. महामारीत दुकानं बंद पडली आणि ३० नोव्हेंबर २०२० रोजी समूह दिवाळखोरी प्रशासकांच्या हाती गेला. त्या दिवशी तिथे सुमारे १३,००० माणसं नोकरीला होती.

दोन महिन्यांनी एका ऑनलाइन विक्रेत्याने टॉपशॉप आणि तीन भावंडं ब्रँड मालासकट ३३ कोटींना घेतले. दुकानं नको म्हणाला, त्यामुळे तिथली नोकरदार माणसंही वाऱ्यावर गेली. २०२४मध्ये त्याने टॉपशॉप व टॉपमॅनचा तीन चतुर्थांश हिस्सा एका डॅनिश कुटुंबाच्या कंपनीला विकला. किंमत : १३.५ कोटी पौंड, म्हणजे २००५मध्ये मोनॅकोला गेलेल्या रकमेचा साधारण नववा भाग.