टर्बो लॅग आणि बूस्ट थ्रेशोल्ड: गाडी उचलत नाही, तेव्हा नेमकं काय अडलेलं असतं?

धरमपेठेच्या गर्दीत तिसऱ्या गिअरमध्ये १३०० आरपीएमवर (इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्या) रांगणारी हलकी टर्बो पेट्रोल गाडी. समोर जागा मोकळी होते, पाय पूर्ण दाबला जातो आणि गाडी नुसती घुमते. दोन सेकंद, तीन सेकंद, आणि मग मागून कुणी ढकलल्यासारखी सुटते. ‘लय लॅग आहे बे हिला’ असा निकाल तिथल्या तिथे लागतो आणि तो बहुतेक वेळा चुकतो. धरमपेठेत आडवा आला तो थ्रेशोल्ड, म्हणजे टर्बो जोर द्यायला लागतो ती किमान आरपीएम. लॅग पाहायचा असेल तर हीच गाडी समृद्धीवर पाचव्या गिअरमध्ये ३००० आरपीएमच्या आसपास शांत चालू द्यायची आणि मग पाय दाबायचा. तिथे पायाच्या आणि धक्क्याच्या मध्ये जी क्षणभराची ढिलाई येते, तो लॅग.

नागपूरकराला हे कूलरवरून चटकन कळावं. मे महिन्यात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की कूलरचा पंप पाणी वर चढवतच नाही. पंखा फिरतो, हवाही येते, पण ताट्या कोरड्या. अर्धा तास बसून राहिलं तरी गारवा येत नाही. हा थ्रेशोल्ड. व्होल्टेज पूर्ण असेल तर बटन दाबताच पाणी चढतं, फक्त ताट्या भिजून हवा गार व्हायला दोन-तीन मिनिटं जातात. हा लॅग. गाडीत घोळ होतो तो एवढ्यासाठी, की थ्रेशोल्डच्या खालीही इंजिन हळूहळू वर चढत असतंच, त्यामुळे ‘थोड्या वेळाने टर्बो लागला’ असं वाटतं. तो लागला आरपीएम वाढल्यामुळे. वेळ मधल्या मध्ये गेला.

आता आतलं काम. धुराच्या जोरावर टर्बाइन फिरतं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा कॉम्प्रेसर इंजिनात हवा कोंबतो. हा वाढीव दाब म्हणजे बूस्ट. १ लिटरचं इंजिन दर दोन फेऱ्यांमागे १ लिटर हवा ओढतं, म्हणजे १३०० आरपीएमवर मिनिटाला जास्तीत जास्त ६५० लिटर आणि ३००० वर १५०० लिटर. ६५० लिटरमधून निघणाऱ्या धुरात टर्बाइनला पुरेसं पळवण्याची ताकदच नसते. पेडल कितीही दाबा, धूर तेवढाच. ज्या आरपीएमपासून हा धूर पुरतो, तो त्या इंजिनाचा थ्रेशोल्ड, अगदी उंबरठाच म्हणा. तो ठरतो इंजिन केवढं आणि टर्बाइन केवढं यावरून.

लॅगचा हिशोब निराळा. ३००० आरपीएमवर धूर पुरेसा मिळू शकतो, पण हलक्या पायाने चालताना थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, जेमतेम उघडा असतो आणि टर्बाइन आरामात फिरत असतं. पाय दाबल्यावर त्याला दीड-दोन लाख आरपीएमपर्यंत पळायचं असतं, आणि त्यात वेळ जातो. चाक जितकं जड तितका उशीर. इथे एक भूमितीची गंमत आहे: त्याच आकाराचं चाक मोठं केलं की त्याचं जडत्व व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतं. व्यास २० टक्के वाढवला की जडत्व जवळपास अडीचपट. ‘थोडा मोठा टर्बो बसवून घेऊ’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा आधी कागदावर मांडून पाहावा.

हलक्या गाडीतली फसगत

मारुतीची २०१७ ची बलेनो आरएस घ्या. ९५० किलो वजन, १ लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन, १०२ पीएस, आणि १५० एनएम टॉर्क १७०० ते ४५०० आरपीएममध्ये. यातलं १७०० म्हणजे माहितीपत्रकात छापलेला थ्रेशोल्डच. पण तो मोजताना इंजिन डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) त्याच आरपीएमवर धरून ठेवलेलं असतं, टर्बोला हवा तेवढा वेळ मिळतो. लॅगचा आकडा मात्र कंपन्या सहसा माहितीपत्रकात देत नाहीत.

रस्त्यावर तो वेळ मिळत नाही आणि हलक्या गाडीत तर मुळीच नाही. समजा दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन सेकंदाला १००० आरपीएमने चढतंय आणि टर्बोला ०.७ सेकंद लागतात. मग १७०० ला मिळायला हवा तो जोर हाताला लागतो २४०० ला. चौथ्या गिअरमध्ये तेच इंजिन सेकंदाला ३०० ने चढतं, तर उशीर जेमतेम २०० आरपीएमचा आणि जोर येतो १९०० च्या आसपास. टर्बो तोच, इंजिन तेच. दुसऱ्या गिअरवरून ‘हिचा थ्रेशोल्ड २४०० आहे’ असं सांगणारा माणूस लॅग मोजून त्याला थ्रेशोल्डचं नाव देतोय. जड एसयूव्हीत ही चूक कमी होते, कारण ती कुठल्याच गिअरमध्ये इतकी भरभर चढत नाही.

दुसरी फसगत याच्या उलट. वजन कमी असल्यामुळे थ्रेशोल्डखालीही गाडी बरी चालते, खटकत नाही. नागपूर सपाट, त्यामुळे आणखीच नाही. चिखलदऱ्याला निघालं की परतवाड्याच्या पुढे घाट सुरू होतो आणि सगळं उघडं पडतं. चढ आहे, वळणानंतर वळण आहे, चार माणसं आणि सामान आहे, आणि दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन १५०० वर आलंय. वर चिखलदरा १,१०० मीटरच्या आसपास, म्हणजे नागपूरच्या ३१० मीटरच्या मानाने हवा विरळ. टर्बो लागला की तो ही तूट बरीचशी भरून काढतो, पण थ्रेशोल्डखाली ते साधं १ लिटरचं इंजिन असतं आणि विरळ हवेचा फटका त्याला पूर्ण बसतो. शिवाय धूरही कमी, त्यामुळे थ्रेशोल्ड स्वतःच थोडा वर सरकतो.

इलाज साधा आहे, पण दोघांचा वेगवेगळा. थ्रेशोल्डवर इलाज गिअरचा: वळणात शिरायच्या आधी, ब्रेक संपता संपता गिअर पाडायचा आणि आरपीएम २५०० च्या वर ठेवूनच वळायचं. लॅगवर इलाज पायाचा: वळणाच्या मध्याआधीच पेडल १५-२० टक्के उघडं ठेवायचं, म्हणजे टर्बाइन फिरतं राहतं, आणि स्टिअरिंग सरळ होत जाईल तसतसं वाढवायचं. वळणाच्या पोटात पाय पूर्ण सोडला की थ्रॉटल बंद होतो, टर्बाइन मंदावतं, आणि बाहेर पडताना एकदम दाबलं की जोर उशिरा आणि सगळाच एकदम येतो. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत मग स्टिअरिंग हातातून खेचलं जातं आणि नाक वळणाच्या बाहेर सरकतं. २०१५ च्या अबार्थ पुंटोसारख्या १४५ पीएस आणि २१२ एनएमच्या गाडीत हे ओल्या रस्त्यावर स्पष्ट कळतं. मागची चाकं ढकलणारी असेल तर शेपूट सुटते. १९८० च्या रेनो ५ टर्बोत १,३९७ सीसीमधून १६० पीएस काढले होते आणि इंजिन मागच्या सीटच्या जागी होतं. टर्बो मोठा, कॉम्प्रेशन फक्त ७:१, म्हणजे बूस्ट येईपर्यंत इंजिन सुस्त आणि आला की सगळा एकदम. तिच्यात थ्रेशोल्डही वर होता आणि लॅगही मोठा. दोन्ही शब्दांची सरमिसळ व्हायला अशाच गाड्या कारण असाव्यात. २०१७ ची अल्पाइन ए११० साधारण १,१०० किलोची आणि २५२ पीएसची, पण तिचे ३२० एनएम २००० आरपीएमपासूनच हजर असतात. थ्रेशोल्डचा प्रश्न आजच्या इंजिनांनी बराच मिटवलाय, लॅग मात्र थोडा का होईना उरतोच.

एक इशारा इथेच. वरच्या गिअरमध्ये १५०० ते २५०० आरपीएमवर पाय पूर्ण दाबून गाडी ओढत नेण्याची सवय छोट्या डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बो इंजिनांना घातक आहे. त्या पट्ट्यात भार जास्त आणि वेग कमी असल्याने ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकतं, आणि एका जोरदार झटक्यातही पिस्टनची रिंगलँड (रिंगांच्या खाचांमधली कड) तुटू शकते. ऑइल बदलताना डब्यावर एपीआय एसपी लिहिलेलं पाहून घ्या, त्या दर्जात या दोषाची चाचणी घेतलेली असते. ग्रेड मात्र गाडीच्या पुस्तकातलाच.

मोजायचं कसं

ईएलएम३२७ चिपचा ब्लूटूथ ॲडॉप्टर स्टिअरिंगखालच्या ओबीडी (इंजिनाची माहिती वाचायच्या) सॉकेटमध्ये लावायचा आणि फोनवरच्या ॲपमध्ये तीनच गोष्टी नोंदवायच्या: इनटेक मॅनिफोल्ड प्रेशर, आरपीएम, थ्रॉटल. जास्त निवडल्या तर स्वस्त ॲडॉप्टर सेकंदाला एखादीच नोंद देतो आणि सगळा खटाटोप वाया जातो. फोन शेजारच्याच्या हातात. इंजिन गरम, एसी बंद, सकाळची वेळ, सरळ आणि रिकामा रस्ता, वेगमर्यादेच्या आत.

आधी इंजिन बंद ठेवून नुसतं इग्निशन चालू करा. नागपुरात प्रेशर ९७ किलोपास्कलच्या आसपास दिसेल. ही बाहेरची हवा, याच्या वरचा प्रत्येक आकडा टर्बोची कमाई. आता चौथ्या गिअरमध्ये १४०० आरपीएमवरून पाय पूर्ण दाबा आणि ३००० ला सोडा. आकडा झटकन ९५ पर्यंत जातो आणि तिथेच घुटमळतो, मग आरपीएमबरोबर चढायला लागतो. तो ज्या आरपीएमला शिखराजवळ पोहोचला, तो थ्रेशोल्ड. हे एक-दोनदाच करायचं, कारण वर सांगितलंय. मग तिसऱ्या गिअरमध्ये ३००० वर स्थिर चालवून पाय दाबा. ९७ पर्यंतची उडी तात्काळ, तिथून शिखरापर्यंतचा वेळ हा लॅग. छोट्या टर्बोत तो सेकंदाच्या आत-बाहेर असतो. गाडी नवी असतानाच दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवावेत, पुढे फार कामाला येतात.

बिघाड कुठे शोधायचा

शिखराचा आकडाच खाली आला, समजा १८० चा १५० झाला, तर आधी इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचे) होज पाहा. विदर्भातल्या उन्हाने रबर कडक होतं, क्लॅम्पपाशी चीर पडते आणि दाबाखालीच उघडते. वर्कशॉपमध्ये स्मोक टेस्ट करून घ्यावी; नुसत्या उभ्या गाडीत आयडलवर चालणाऱ्या इंजिनावर कान लावून काही सापडत नाही. स्कॅनरवर कोड बहुधा पी०२९९, म्हणजे बूस्ट कमी पडल्याचा, येतो. शिखर तेवढंच पण थ्रेशोल्ड ३००-४०० आरपीएमने वर सरकला, तर संशय वेस्टगेटवर, म्हणजे जादा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेवर: ती पूर्ण बसत नाही, थोडा धूर टर्बाइनला चुकवून निघून जातो, आणि जास्त आरपीएमला धूर भरपूर असल्याने ती तूट झाकली जाते. थंड इंजिनावर पत्र्यासारखी खडखड ऐकू येते. स्थिर चाचणीत दोन्ही आकडे ठीक, पण गिअर बदलताना दर वेळी खड्डा पडतो आणि पाय सोडताना फुर्रर्र असा आवाज येतो, तर पाय सोडल्यावर कोंडलेल्या हवेला वाट देणारा डायव्हर्टर व्हॉल्व्ह अडकलाय. गिअर बदलताना कोंडलेली हवा परत फिरून कॉम्प्रेसरला अडवते. हा निव्वळ लॅगचा दोष. एअर फिल्टर दर ५,००० किलोमीटरला उघडून पाहावा. रस्त्यांची कामं चालू असलेल्या भागात राहत असाल तर त्याआधीच.

लॅग घालवतो म्हणून विकला जाणारा थ्रॉटल कंट्रोलर दोन्हींपैकी काहीच बदलत नाही. तो पेडलचा सिग्नल फुगवून सांगतो, ३० टक्के दाबलं की ५० समजतो. टर्बाइनला त्याचा पत्ताही नसतो. रीमॅपने (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून) शिखर वाढतं, थ्रेशोल्ड जवळपास तिथेच राहतो, आणि मूळ क्लच वाढलेल्या टॉर्कला घसरू शकतो. बॉल बेअरिंगचा टर्बो लॅग खरोखर कमी करतो, थ्रेशोल्ड फार नाही. ऑटोमॅटिक गाडीत आधी गिअरबॉक्स मॅन्युअल मोडवर टाकून पाहा. किकडाउनचा, म्हणजे पाय दाबल्यावर गिअरबॉक्सने खालचा गिअर घेण्याचा, उशीर हा टर्बोच्या खात्यावर सर्रास टाकला जातो.

नवतप्यातली, म्हणजे मेअखेरच्या भर उन्हातली, तक्रार मात्र वेगळीच. २५ अंशांच्या मानाने ४५ अंशांची हवा सुमारे ६ टक्के विरळ असते, आणि सीताबर्डीच्या सिग्नलवर दोन मिनिटं थांबलं की इंटरकूलर खालच्या डांबराची आणि रेडिएटरची उष्णता पिऊन घेतो. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) नॉक, म्हणजे मिश्रणाचा अवेळी भडका, टाळायला ठिणगी उशिरा देतो, कधी बूस्टही कमी करतो. सिग्नल सुटल्यावर गाडी मेल्यासारखी वाटते ती यामुळे. ॲपमध्ये इनटेक तापमान लावून ठेवा: थांबलेलं असताना ६०-७० पर्यंत चढतं, आणि वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर चढून किलोमीटरभर मोकळं चाललं की उतरायला लागतं, तशी गाडीही परत उचलते.