चरबी घामातून नव्हे, श्वासातून जाते

जून 2023 मध्ये आयसीएमआर-इंडियाब हा मधुमेहावरचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध झाला. मधुमेहात गोवा देशात सर्वांत वर निघाला: प्रौढांमध्ये 26.4 टक्के, तर देशाची सरासरी 11.4. साखर आणि वजन उतरावे म्हणून भात सोडणारी माणसे आता फोंड्यात काय, डिचोलीत काय, घरोघरी दिसतात. पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरतात आणि माणूस हरखतो. तिसऱ्या आठवड्यात काटा जागचा हलत नाही, मग पुन्हा शीत-कढी (भात-आमटी) सुरू होते.

ते पहिले दोन किलो बहुतांशी पाणी असते. यकृतात सुमारे 100 ग्रॅम आणि स्नायूंत 400 ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, असतो आणि प्रत्येक ग्रॅम जवळजवळ तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. कर्बोदके कमी केली की हा साठा उतरतो, पाणीही जाते. शिवाय इन्सुलिन घटल्यामुळे मूत्रपिंडे सोडियम जास्त बाहेर टाकतात. डोके दुखणे, गळून जाणे, रात्री पोटरीत गोळे येणे हे त्याचेच परिणाम. रक्तदाबाचा त्रास नसेल तर मीठ घातलेले ताक किंवा सोलकढी दिवसातून दोनदा घेतली की बहुतेकांना बरे वाटते.

खऱ्या चरबीचा प्रवास याहून लांबचा आणि विलक्षण देखणा आहे. मेदपेशीत ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे साठवलेल्या चरबीचा, एक मोठा थेंब असतो. त्याचा रेणू म्हणजे एका ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्ले. हा रेणू अख्खा पेशीबाहेर पडू शकत नाही, तो तोडावाच लागतो. पहिले मेदाम्ल एटीजीएल हे विकर (एन्झाइम) सोडवते (त्याचा शोध 2004 मधला, म्हणजे अगदी अलीकडचा), दुसरे एचएसएल आणि तिसरे एमजीएल. थेंबाभोवती पेरिलिपिन या प्रथिनाचे कवच असते. आपण चालू लागलो की ॲड्रेनालिन वाढते, पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू तयार होतो, कवच सैल पडते आणि विकरांना वाट मिळते. इन्सुलिन नेमका हा निरोप्याच नष्ट करवते. त्यासाठी लागणारे इन्सुलिनही फारच थोडे असते. स्नायूंत साखर शिरवायला लागते त्यापेक्षा कितीतरी कमी. म्हणून सकाळी पाव-भाजी, अकराला चहा-बिस्कीट, दुपारी भात, चारला पुन्हा उंडो (पाव) असा दिवस गेला तर ही वाट जवळजवळ दिवसभर अडलेलीच राहते.

सुटलेली मेदाम्ले रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनावर बसून स्नायूंपर्यंत येतात. तिथे पेशीतल्या तंतुकणिकांत (मायटोकॉन्ड्रियांत, म्हणजे पेशीच्या भट्ट्यांत) शिरताना आणखी एक दार लागते. लांब मेदाम्लाला कार्निटिन या वाहक रेणूच्या आधारानेच आत जाता येते आणि पेशीत ग्लुकोज मुबलक असेल तर त्यापासून बनणारे मॅलोनिल-कोए हे दार बंद करते. मॅकगॅरी आणि फॉस्टर या संशोधकांनी 1970 च्या दशकात हे दाखवून दिले. आत शिरलेल्या मेदाम्लाचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पडतात आणि शेवटी उरतात कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. 55 कार्बन, 104 हायड्रोजन आणि 6 ऑक्सिजन अणूंचा सरासरी चरबीचा रेणू जाळायला ऑक्सिजनचे 78 रेणू लागतात. त्यातून कार्बन डायऑक्साइडचे 55 आणि पाण्याचे 52 रेणू बनतात. रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राऊन यांनी 2014 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा हिशेब मांडला: 10 किलो चरबीपैकी 8.4 किलो फुप्फुसांतून बाहेर पडते, उरलेले 1.6 किलो पाणी होते.

त्यामुळे घाम काढणारे पट्टे पोट कमी करत नाहीत, फक्त तहान लावतात. कपालभातीने पोट 'जळते' हेही खोटे. जोरजोरात श्वास सोडल्याने पेशीत जास्त कार्बन जळत नाही, चक्कर मात्र येते. लिंबू-मध-कोमट पाण्यात तर मधाची साखरच पोटात जाते.

आता खरी मेख. मेदपेशीतून सुटलेले मेदाम्ल जळले नाही, तर ते पुन्हा ट्रायग्लिसराइड होऊन साठ्यात परत जाते. इन्सुलिन कमी असल्याने वाट उघडते, पण जळण लागण्याइतकी ऊर्जेची तूट नसेल तर चरबी फक्त ये-जा करते. स्टॅनफर्डच्या डाएटफिट्स अभ्यासात 609 जणांना वर्षभर कमी चरबीचा किंवा कमी कर्बोदकांचा आहार दिला. वजन अनुक्रमे 5.3 आणि 6.0 किलो उतरले, म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाही. कमी कर्बोदकांचा खरा फायदा असा, की प्रथिने वाढली तर भूक लवकर भागते आणि तूट सोसवते.

आपल्याकडे गणित चुकते ते इथेच. भात सोडला, पण हुमणातले (माशांच्या आमटीतले) खोबरे दुप्पट झाले. 100 ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सुमारे 350 किलोकॅलरी, मूठभर म्हणजे 30 ग्रॅम काजूंत 165. पोई (कोंड्याचा पाव) खाल्ली तर चालते, हाही गैरसमजच. कोंड्याने तंतू वाढतात, पण पाव असो वा पोई, वजनाच्या निम्म्याच्या आसपास कर्बोदकेच. फेणीत कर्बोदके नसतात हे खरे, पण यकृत आधी अल्कोहोल निकाली काढते आणि तोवर चरबीचे ज्वलन मागे पडते.

भात पूर्ण सोडायची गरज नाही. शिजवलेल्या 100 ग्रॅम भातात सुमारे 28 ग्रॅम कर्बोदके असतात. दोन्ही वेळा एवढाच वाढून घेतला तर दिवसाची कर्बोदके 130 ग्रॅमच्या आत राहू शकतात. 70 किलोच्या माणसाला 85 ते 110 ग्रॅम प्रथिने हवीत. दोन मध्यम बांगड्यांच्या 200 ग्रॅम मांसात 38 ग्रॅमच्या आसपास मिळतात, मात्र रव्यात घोळून न तळता. सोमवारी पनीर, अंडे चालत असेल तर अंडी.

व्यायामात चालणे हवेच. वेग असा, की बोलता यावे पण गाता येऊ नये. जेवल्यावर पंधरा मिनिटे चाललात तर स्नायू इन्सुलिनविनाही साखर ओढून घेतात. आठवड्यातून दोनदा उठाबशा, भिंतीवर हात टेकून दंड, पाण्याची कळशी उचलणे असे जोर लावणारे काही करा. नाहीतर चरबीबरोबर स्नायूही उतरतात. पावसाळ्यात घरातला जिना पुरतो.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी घेणाऱ्यांनी डोस न बदलता कर्बोदके तोडली तर साखर धोकादायक खाली जाते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर अतिकमी कर्बोदकांच्या वाटेला डॉक्टरांना न विचारता जाऊच नये. त्यांच्यात साखर जवळपास नेहमीएवढी दिसत असतानाही रक्तात कीटोन (चरबीपासून बनणारी आम्ले) साचून जीवावर बेतू शकते. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर ग्लुकोमीटरच्या आकड्यावर न विसंबता थेट इस्पितळ गाठायचे.