झेब्रा आणलाय, पण कोणता?

मागच्या हिवाळ्यात बर्डीवरून येताना एका नर्सरीत थांबलो, तर झेब्रा प्लांटच्या, म्हणजे कोरफडीसारख्या जाड पानांच्या छोट्या रोपाच्या, दोन कुंड्या शेजारीशेजारी, दोन्हींतल्या पानांवर तेच पांढरे पट्टे, एकीवर चिठ्ठी 'अ‍ॅटेन्युएटा', दुसरीवर 'फॅसिएटा' (झेब्राच्याच दोन जाती) आणि दुसरी शंभर रुपयांनी महाग. घेतली ना महागवाली. घरी येऊन पान नीट पाह्यलं तर तेही अ‍ॅटेन्युएटाच!

नर्सरीवाल्या भाऊला तरी काय बोलणार, जगभर हेच चालू आहे, फॅसिएटा म्हणून विकतात त्यातली बहुतेक रोपं अ‍ॅटेन्युएटाच निघतात.

मग ओळखायचं कसं? पट्टे पाहूच नका. ते पानाच्या बाहेरच्या बाजूला दोघांनाही असतात, आणि तो काही नुसता रंग नाही बरं का, बारीक पांढरे दाणे ओळीत एकमेकांना चिकटले की पट्टा दिसतो, नख फिरवा, खरखर लागेल. पाहायची ती आतली बाजू, म्हणजे वरून रोपाच्या मधात डोकावलं की दिसते ती. तिथे गुळगुळीत हिरवं असेल तर फॅसिएटा. तिथेही दाणे असतील, छोटे आणि विखुरलेले का होईना, तर अ‍ॅटेन्युएटा. माझ्या कुंडीत मीठ भुरभुरल्यासारखे दाणे होते, विषय संपला.

रंगावर तर जाऊच नका, आपल्या नागपुरात तर नाहीच. मे महिन्यात पारा 45 कडे पळतो तेव्हा पश्चिमेच्या गॅलरीतली कुंडी लालसर तपकिरी पडते, हॉलमधली हिरवीगार राहते, आणि दोन्ही एकाच रोपाची पिल्लं असतात.

नावांचाही घोळ आहेच. ही दोन्ही मूळची दक्षिण आफ्रिकेची, आधी यांना कोरफडीच्या अ‍ॅलोमध्येच धरायचे, मग 1809 मध्ये ब्रिटिश वनस्पतीतज्ज्ञ हावर्थच्या नावावरून हावर्थिया असा वेगळा गट केला, आणि 2013 मध्ये त्यातूनही काढून हावर्थिऑप्सिसमध्ये टाकलं. त्यामुळे चिठ्ठीवर हावर्थिया दिसलं तर ते जुनं नाव समजा. कोरफडीशी नातं आहे, पण फुलात फरक कळतो, कोरफडीचं पिवळं-केशरी नळीसारखं, यांचं इवलंसं, पांढरट, दोन ओठांचं.

आणि पानाच्या काठाला मऊ पांढरे काटे, टोकाला केसासारखा तंतू दिसला तर तो झेब्राच नाही, ते लेस अ‍ॅलो.

परवा शेजारच्या काकू पिल्लू न्यायला आल्या, कुंडीवर काय लिहू म्हणे, मी म्हटलं अ‍ॅटेन्युएटा लिहा. "जाऊ दे रे बाबा, झेब्राच लिहिते."